यात्रेचे पाहुणे आणि झऱ्याचे पाणी

रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनात बगाड निघाले की सातारा जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात यात्रांचा हंगाम लागला असे समजायचे. तिथून पाडवा, रामनवमी, हनुमान जयंती करत थेट अक्षय तृतीयेच्या पुढेपर्यंत जावळी, महाबळेश्वर, पाटण आणि वाईच्या पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांवर पालख्या उठत राहतात. आज एका गावचा भैरवनाथ, उद्या शेजारच्या गावची वाघजाई, परवा पलीकडच्या खोऱ्यातली जननी. पळस-पांगारा फुलून गेलेला असतो, काटेसावरीची बोंडे तडकू लागलेली असतात, करवंदीच्या जाळ्या हिरव्या फळांनी लगडलेल्या असतात. वर्षभर जेमतेम दोन चुली पेटणाऱ्या आळीत एका रात्रीत दहा घरांतून धूर निघू लागतो. पसरणीच्या आणि केळघरच्या घाटात मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. यंदाही ती लागेल, आणि ती लागावी असे आम्हांला मनापासून वाटते.

यात्रांवर लिहिताना बहुधा पालखी, छबिना, कुस्त्यांचा फड आणि रात्रीचा तमाशा यांवरच लिहिले जाते. आज लिहायचे आहे ते पाहुण्यांबद्दल आणि त्यांना जेवू घालणाऱ्या घरांबद्दल. डोंगरातल्या गावची यात्रा देवळात जितकी असते तितकीच ती घराघराच्या ओट्यावर आणि चुलीपुढे असते. लेकी-जावई, व्याही, मामा-मावश्या, धाकट्या भावाच्या सासुरवाडीची माणसे, मुंबईच्या चाळीतले शेजारी, सगळ्यांना बोलावणे असते. बोलावणे नसलेला कुणी दारात आला, तरी ‘जेवल्याबिगर जायाचं न्हाय’ हे त्याला ऐकावेच लागते. यात्रेला आलेला माणूस उपाशी परतला तर घरच्या बाईला त्याची रुखरुख पुढच्या यात्रेपर्यंत लागून राहते.

पहिला दिवस देवाच्या नैवेद्याचा: पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडई. दुसरा दिवस तिखटाचा. पहाटेच बोकड पडतो, वाटे होतात, आणि उन्हे वर येईपर्यंत साऱ्या आळीत रश्श्याचा वास भरून राहतो. पण घरातली बाई त्याच्या कितीतरी आधीपासून कामाला लागलेली असते. येसूर भाजून, कुटून डब्यात भरून ठेवायचा, सुके खोबरे आणि कांदा भाजून वाटण करायचे, तांदूळ निवडायचे, आणि पीठ दळून आणायचे तर गिरणी खालच्या गावात. पाहुणे किती येणार हे कुणी विचारत नाही, विचारणे बरे दिसत नाही. भाकऱ्यांनी पाटी भरली की थोडे हायसे वाटते, इतकाच काय तो अंदाज. पासष्टी ओलांडलेली बाई तव्यावरची भाकरी उलटताना दारात कोण आले ते आवाजावरून ओळखते, ‘आलास व्हय रे, पाणी घे’ म्हणते आणि लगेच पुढचा गोळा परातीत थापायला घेते. दुपार कलल्यावर शेवटची पंगत उठते तेव्हा ती पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकते. तोवर पातेल्यात रस्सा असतो, फोडी संपलेल्या असतात.

हे घर एकेकाळी माणसांनी भरलेले होते. दहा जणांत दोन पाहुणे वाढले तर चार हात मदतीलाही असत. आज बहुतेक घरांत म्हातारा-म्हातारी राहतात, काही घरांत एकटी म्हातारी. बाकीची माणसे कुठे गेली, हे या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाची सामाईक खोली असे. पाळी संपवून आलेला माणूस झोपायचा, त्याच वळकटीवरून उठून दुसरा कामावर जायचा. मशीद बंदरच्या गोदामांत पाठीवर पोती वाहणारे हातही याच डोंगरांतले. साताऱ्याच्याच अण्णासाहेब पाटलांनी त्या हमालांची संघटना बांधली, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला तेव्हा त्या पाठींना प्रथमच हक्काची मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी दिसला. १९८२ च्या संपाने गिरण्यांचे दिवस संपवले. मशीद बंदरचा बाजार वाशीला गेला, त्यामागे माणसे कोपरखैरणे, घणसोलीला गेली. गिरण्या चालू होत्या त्याच काळात कोयनेच्या खोऱ्यात वेगळे काही घडले होते. धरणाचे पाणी १९६० च्या दशकात चढत गेले तसतशी नदीकाठची भातखाचरे बुडाली आणि कित्येक गावे उठून दूर वसवली गेली. जी वर डोंगरात राहिली, त्यांच्या वाट्याला नाचणी-वरीचा उतार उरला. त्यावर वर्षाचे पोट भरत नाही. म्हणून मुलगा मुंबईला.

मुंबईला गेलेल्याने गाव मात्र सोडले नाही. घराची कौले फिरवली, पत्रे घातले, पुढे सिमेंटचा स्लॅब टाकला. यात्रेची घरटी पट्टी चुकू दिली नाही. रात्री गावात मुक्कामाला येणाऱ्या एसटीने येणारा बाप आणि आता स्वतःच्या गाडीने येणारा मुलगा, दोघांनाही तिथी पाठ. ही ओढ फार मोलाची आहे. मुंबईत जन्मलेल्या तिसऱ्या पिढीला आपल्या चुलत-आत्ये भावंडांचे चेहरे ओळखू येतात ते यात्रेमुळेच.

मग अडचण कुठे आहे? पाण्यात. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हा आकडा वाचून कुणालाही वाटेल की इथे पाण्याचा तुटवडा कसा असेल? पण सह्याद्रीचा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही. उतारावर पडलेले पाणी ओढ्या-नाल्यांनी धावत खाली जाते. माथ्यावर जिथे जांभ्याची टोपी आहे तिथेच ते मुरते, आणि जांभा जिथे संपून कातळ लागतो त्या सांध्यातून झरा होऊन बाहेर येते. डोंगरातल्या बहुतेक वाड्या अशाच झऱ्यांच्या आसऱ्याने वसलेल्या आहेत. हा साठा मर्यादित असतो. दिवाळीत मनगटाएवढी असलेली धार होळीपर्यंत करंगळीएवढी होते, आणि चैत्रात तर काही ठिकाणी खडकातल्या खळग्यात पाणी साचायची वाट पाहत बसावे लागते. रात्री उठून, बॅटरीच्या उजेडात, वाटीवाटीने हंडा भरणाऱ्या बायका आजही आहेत. हंडा भरला की खळगा पुन्हा भरेपर्यंत दुसरीचा नंबर थांबतो. कोयनेच्या खोऱ्यात तर खाली धरणाचा फुगवटा डोळ्यांसमोर पसरलेला असतो. १०५ टीएमसी क्षमतेच्या त्या धरणाचे पाणी वीज करून कोकणात उतरते आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. वरच्या वाडीवरची बाई ते पाणी बघत झऱ्याची वाट चढते.

नेमक्या याच दिवसांत पाहुणे येतात. सरकारच्या जलजीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. एका घरी यात्रेच्या दिवशी चाळीस माणसे आली आणि प्रत्येकाला तेवढेच पाणी द्यायचे म्हटले, तर २,२०० लिटर झाले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर जवळपास दीडशे हंडे. आणि हे एका घराचे. जेवायला आलेला माणूस आंघोळ करत नाही, तेव्हा निम्मे सोडून द्या. उरलेले पंचाहत्तर हंडे तरी कुणाच्या डोक्यावरून येणार? नळ आला आहे, टाकी बांधली आहे, पण मूळ झराच आटला की टाकी कोरडी. मग कुणीतरी ओळखीच्या टँकरवाल्याला फोन करतो, ज्यांना परवडते ते पाणी विकत घेतात. ज्यांना परवडत नाही त्या घरची म्हातारी आठवडाभर आधीपासून रोज दोन हंडे जास्त आणून पिंपात साठवत राहते. पाहुण्याला यातले काही कळत नाही. कळू द्यायचे नाही हीच तर तिची रीत. तिने ती पाळावी, हे समजू शकते. पण आपण आलेल्यांनी न कळल्याचे सोंग किती दिवस घ्यायचे?

पाण्यावाचून आणखी एक गोष्ट बदलली आहे. ताटे घासायला पाणी नाही म्हणून फेकायच्या पत्रावळ्या आल्या. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी यात्रा उठल्यानंतर देवळामागच्या ओढ्यात ती अडकलेली दिसतात, आणि पहिल्या पावसात तोच ओढा खालच्या गावाच्या विहिरीकडे जातो. पळसाला याच दिवसांत नवी पालवी फुटते. पाने तयार झाली की उन्हाळ्यात पत्रावळ्या लावून, वाळवून ठेवायची सवय जुन्या माणसांच्या हातात अजून आहे. शहरातून आलेल्या मुलांना बसवून ते शिकवता येईल. चार दिवसांत पुढच्या यात्रेपुरती तजवीज होते.

काही गावांनी यावर उपाय म्हणून घरोघरचे जेवण बंद करून देवळापुढे एकच महाप्रसाद ठेवला आहे. त्यात पाणी वाचते, बायकांची पाठ वाचते, आणि गरीब घराला श्रीमंत शेजाऱ्याच्या बरोबरीने बोकड कापण्यासाठी कर्ज काढावे लागत नाही. हे फायदे खरे आहेत आणि ते थोडे नाहीत. तरीही आमचे मन सगळी पंगत देवळापुढे नेण्यास तयार होत नाही. आत्याच्या हातची भाकरी, तिच्या चुलीपुढे, तिचे चार शब्द ऐकत खाणे, यासाठीच तर माणूस सहा-सात तासांचा रस्ता तुडवत येतो. मांडवातल्या रांगेत ताट हातात धरून आत्या भेटत नाही. एका दिवसाचे गोड जेवण सामाईक करून तिखटाचा दिवस घरांकडे ठेवणे, हा मधला मार्ग आम्हांला बरा वाटतो. पण हे गावकीने ठरवायचे, वर्तमानपत्राने नव्हे.

मात्र एक गोष्ट गावकीच्या ठरावाची वाट न पाहता होऊ शकते. मुंबई-पुण्याचे जे भाऊ, पुतणे, लेक यात्रेच्या सकाळी गाडीतून उतरतात आणि दुसऱ्या संध्याकाळी परततात, त्यांनी दोन दिवस आधी यावे. पाहुणा म्हणून येण्याचा हक्क जावयाला असेल, व्याह्याला असेल. ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याला तो नाही. त्याने पाणी भरावे, बोकडाचे वाटे झाल्यावर चुलीपुढेही बसावे. गिरणगावातल्या त्या सामाईक खोल्यांत या माणसांच्या बापांनी आणि आज्यांनी स्वतः कालवण रांधले आहे, पुरुषांना स्वयंपाक येत नाही ही सबब या घरांत तरी चालायची नाही. सुनांनीही सासूला ओट्यावर बसवून पाहुण्यांशी बोलू द्यावे. यात्रेत तिच्या माहेरची माणसे आलेली असतात, आणि तिला त्यांच्याशी धड चार शब्द बोलायला मिळत नाहीत.

आता झऱ्यांबद्दल. गेल्या काही वर्षांत डोंगरगावांत देवळांचे जीर्णोद्धार झाले, कळस बसले, सभामंडप उभे राहिले. मुंबईकर मंडळांनी त्यासाठी लाखांनी वर्गणी जमवली, तीही एकेका माथाड्याच्या आणि रिक्षावाल्याच्या कमाईतून. त्या श्रद्धेबद्दल आम्हांला आदरच आहे. त्याच मंडळांनी गावाच्या वरच्या अंगाच्या झऱ्याकडे बघावे, एवढी विनंती आहे. सिक्कीमने २००८ पासून ‘धारा विकास’ या नावाने हेच काम केले. झऱ्याचे पाणी मुळात कुठे मुरते ते भूगर्भशास्त्राच्या मदतीने शोधायचे, तिथल्या उतारावर आडवे चर खणायचे, ती जागा चराई आणि खोदाईपासून राखायची. त्या कामाला पुण्याच्या ‘अ‍ॅक्वाडॅम’ या संस्थेच्या भूजलतज्ज्ञांचे साहाय्य झाले होते, म्हणजे हे ज्ञान आपल्या दाराशीच आहे. पाणलोट झऱ्याच्या नेमके वर असतो असे नाही. खडकाचे थर ज्या बाजूला कललेले असतील त्याप्रमाणे तो कधी डोंगराच्या दुसऱ्या अंगालाही निघतो. म्हणून जाणकाराला आधी जागा दाखवावी लागते, आणि जमीन कुणाची हे पाहावे लागते.

आणि जमीन कुणाची, या प्रश्नाचे उत्तर यात्रेशिवाय एरवी एका जागी सापडत नाही. माथ्यावरचा सडा भावकीच्या पंधरा नावांवर असतो, त्यातली तीन नावे ठाण्यात, दोन पिंपरीत. बंगल्यासाठी जागा शोधणारा दलाल या पंधरा जणांना एकेकटे गाठतो आणि सह्या घेतो. मग सड्यावर जेसीबी फिरतो, कूपनलिका पडते, आणि दोन-चार वर्षांत खालच्या वाडीचा झरा शिमग्यालाच आटतो. तेच पंधरा जण यात्रेच्या तिसऱ्या दिवशी देवळात एकत्र बसलेले असतात, कारण त्या दिवशी यात्रेच्या जमाखर्चाचा हिशेब वाचायची पद्धत आहे. त्या बैठकीत पट्टीचा हिशेब झाल्यावर झऱ्याचा विषय घ्यावा. सड्याचा तेवढा तुकडा विकायचा नाही, खणायचा नाही, असे सगळ्यांनी मिळून ठरवावे. १ मे च्या ग्रामसभेत त्याचा ठराव करून घ्यावा. त्या सुमारास शाळांना सुट्टी लागलेली असते, मुंबईची बरीच मंडळी गावातच असतात. चर खणायचे दिवसही तेच. जमीन कोरडी असते, पाऊस महिन्या-सव्वा महिन्यावर आलेला असतो, आणि पहारी धरायला घरात माणसे असतात.