टाके सुकले, पण जबाबदारी संपली नाही

गेल्या हिवाळ्यात एक आजी पाच वर्षांच्या नातीला घेऊन माझ्या गोरेगावच्या दवाखान्यात आल्या. नातीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतःच छिद्र होते. ते शस्त्रक्रियेने बंद करून तीन आठवडे झाले होते. उचल घेतलेली असल्याने आई-वडील ऊसतोडीला गेले होते. “टाके सुकले, पण पोरगी खेळंना. खाल्लं की उलटी करायली,” एवढीच आजींची तक्रार होती. अंगात बारीक ताप होता. पोट बिघडले असावे असे समजून मी औषध दिले. तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या, तेव्हा मुलीचा चेहरा सुजला होता आणि आडवे होताच तिला धाप लागत होती. तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविले. हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साठले होते. ते काढल्यावर मुलगी बरी झाली. परंतु मधले दोन दिवस माझ्यामुळे वाया गेले, ही रुखरुख अजून आहे.

वाचकहो, दर १००० जन्मांमागे साधारण ८ ते १० बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातील पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा बालकांची तपासणी करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अशा अनेक शस्त्रक्रियांचा खर्चही भागतो. त्यामुळे खेड्यातील मुलेही आता शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात. मात्र घरी परतल्यानंतरची देखरेख बहुधा आजी-आजोबांकडे येते.

शस्त्रक्रियेनंतर हृदयाच्या आवरणाला सूज येऊन पाणी साठू शकते. हे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही घडते. जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो. काही मुलांच्या हृदयाचे ठोके अनियमित किंवा फार मंद होतात. बहुतेक मुले सुखरूप बरी होतात, म्हणून घाबरू नये. पण गाफीलही राहू नये.

१००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, धाप, वारंवार उलट्या, चेहऱ्यावर वा पायांवर सूज, ओठ निळे पडणे, घेरी, जखमेतून पाणी किंवा पू येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. लहान मुलाला ‘छातीत दुखते’ असे सांगता येत नाही. ते रडते, जेवत नाही, निपचित पडते. तीच त्याची भाषा समजावी.

छातीचे हाड सांधेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा ते आठ आठवडे, मुलाला काखेत धरून उचलू नये. एक हात पाठीखाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली घालून उचलावे. हळद आपल्या जिल्ह्याचे वैभव खरे, पण ती या जखमेवर लावू नये, तेलही नको. औषधे मनाने बंद करू नयेत. ज्या मुलांना कृत्रिम नळी बसविली आहे, त्यांना जुलाब-उलट्या झाल्यास अंगातील पाणी कमी होऊन नळी बंद पडण्याचा धोका असतो. तेथे सकाळची वाट पाहू नये.

दातांची स्वच्छता रोज राखावी. किडलेल्या दातांतील जंतू रक्तात शिरून हृदयाच्या आतील अस्तराला संसर्ग करू शकतात. दात काढण्यापूर्वी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे. काही मुलांना आधी प्रतिजैविक द्यावे लागते. ताप आला म्हणून उरलेले प्रतिजैविक घरीच देऊ नये. रक्ताची जंतुतपासणी होण्यापूर्वी ते दिल्यास खरा आजार झाकला जातो.

शेवटची विनंती. रुग्णालयातून मिळालेली फाईल पिशवीत घालून प्रत्येक वेळी सोबत न्यावी आणि तक्रार सांगण्याआधी म्हणावे, “डॉक्टर, या लेकराच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे.” समोरचा डॉक्टर घाईत असेल, चुकतही असेल. मी चुकलो होतो. आपले ते एक वाक्य त्याला थांबवील.