पोथी राखली, अधिकार कुठे आहे?

हरिहरेश्वरच्या डोंगरावरून सावित्रीच्या मुखापलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो. 1823 साली स्कॉटिश मिशनरी तिथे आले, त्यांनी शाळा काढल्या. आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना या किनाऱ्याची आठवण असते ती एवढीच. मला मात्र अलीकडचा काठ जास्त शिकवतो.

दिवेआगर इथून जवळच. दिवेकर हे बेने इस्रायल आडनाव तिथलं. रायगडच्या या ज्यूंपाशी पिढ्यान्‌पिढ्या हिब्रू ग्रंथ नव्हता. तरी शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मुलाची सुंता व्हायची, 'शमा' ही प्रार्थना तोंडपाठ होती. हाती पान नव्हतं आणि आज्ञा पाळली जात होती.

आमचा जुना करार ज्यूंनीच राखला. 1947 मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहेत यशयाची गुंडाळी सापडली. तोवर ठाऊक असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षं जुनी. शब्दांत बारीकसारीक फरक आहेत, ग्रंथ तोच आहे. काहींची श्रद्धा त्या फरकांनी डळमळते. माझी नाही. मूळ हस्तलिखित एकही उरलं नाही; उरल्या त्या कितीतरी हातांनी उतरवलेल्या प्रती. त्या एकमेकींशी ताडून पाहता येतात, यातच मला देवाची राखण दिसते.

पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. साध्या बाईला ते स्वतः वाचता यावं, हा त्यांचा ध्यास. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेला पूर्ण ग्रंथ 1924 मध्ये आला.

माझी आजी रोज रात्री मोठ्याने वाचायची. वाडीच्या हद्दीवरून दिराशी भांडण पेटलं, तेव्हा तिने अब्राहामाने भांडण टाळायला पुतण्या लोटाला आधी जमीन निवडू दिली तो अध्याय वाचला. दुसऱ्या दिवशी वादातल्या चार पोफळी दिराला देऊन टाकल्या. अधिकार म्हणतात तो हा. पवित्र शास्त्र निर्दोष आहे असं व्यासपीठावरून ठासून सांगणारे आणि वाटणीच्या वेळी ते न उघडणारे पुष्कळ पाहिले.

घरात जुनं मराठी बायबल असेल तर रद्दीत देऊ नका, समुद्रात सोडू नका. जाणकाराला दाखवा, पानांचे फोटो काढून ठेवा. आणि फोटोंसाठी ते गुंडाळलेल्या कापडातून सोडलंच आहे, तर आज जेवणानंतर घरच्यांना एक अध्याय वाचून दाखवा.