करून पाहा : बरणीतला चुंबकमापक

दोस्तांनो, जॅमच्या रिकाम्या बरणीत छोटी चुंबकपट्टी दोऱ्याने आडवी टांगा. झाकण पुठ्ठ्याचं हवं, पत्र्याचं मुळीच नको! पट्टीच्या उभ्या बाजूला भरतकामातला इवलासा आरसा चिकटवा. त्यावर टॉर्चचा झोत टाकून दोन मीटरवरच्या भिंतीवर कवडसा पाडा. पट्टी एकच अंश वळली, तरी कवडसा सात सेंटिमीटर सरकतो.

आता सायकल जवळ आणा. हलला ना? विजेचा प्रवाहही असाच चुंबकाला हलवतो. म्हणून तर मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याचं चुंबकीय मोजमाप अलिबागला न्यावं लागलं. तिथली वेधशाळा १९०४ सालची.

सातारा-सांगलीकरांनो, आपल्या काळ्या पाषाणातही चुंबकीय मॅग्नेटाइट असतं. अजिंक्यताऱ्यावर होकायंत्र कातळावर टेकवलं, तर ते फसवूही शकतं. रस्त्याकडेचा काळा दगड बरणीला खेटून धरा, मग उलटा फिरवून धरा. कवडसा सरकला का? किती? वहीत लिहा.