मान ‘कडकन’ वाजवून घेण्याआधी केमिस्टने काय विचारावं?

पाठ धरली की आपण आधी मेडिकलमध्ये जातो. गोळी घेता घेता विचारतो, “ते मोबाईलवर दाखवतात ना, मान कडकन वाजवतात, ते करून घेऊ का?” पलीकडून उत्तर येतं, “बघा करून. औषधच नाही, तर साइड इफेक्ट कुठून?”

या उत्तरावर माझा सरळ आक्षेप आहे. मानेला जोरात झटका दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या थराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असं क्वचित घडतं. कधी ती चीर आधीचीच असते आणि मानदुखी हे तिचंच लक्षण असतं, पण मग तर झटका मुळीच नको.

शिवाय धोका कुणाला जास्त, हे केमिस्टच्या हातातल्या चिठ्ठीवरच लिहिलेलं असतं. वॉरफेरिन, अपिक्साबॅन म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी. बरेच महिने प्रेडनिसोलोन चालू म्हणजे हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. अ‍ॅलेंड्रोनेट तर बहुधा ठिसूळ हाडांसाठीच. ही औषधं देणाऱ्यानेच “बघा करून” म्हणावं? 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला सल्ला देणं फार्मासिस्टच्या कामातच धरलं आहे. दुकानात गर्दी असते, मान्य. “रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?” एवढं विचारायला किती वेळ लागतो?

कायरोप्रॅक्टिक म्हणजे निव्वळ थोतांड, असं मी म्हणत नाही. कंबरदुखीसाठी मणक्यांवरचे हस्तोपचार हा एक पर्याय म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 साली सुचवला आहे. फायदा माफकच, व्यायामाने होतो साधारण तेवढा. पण 1895 मध्ये अमेरिकेत डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली, तेव्हा सरकलेले मणके हेच बहुतेक रोगांचं मूळ असा त्यांचा दावा होता. तो सिद्ध झालेला नाही. त्यामुळे दमा किंवा तान्ह्या बाळाचं रडणं यासाठी मणके दाबून घेऊ नका. (तो ‘कट्’ आवाज सांध्यातल्या वायूचा, हाड जागेवर बसल्याचा नव्हे.) आपल्याकडे या उपचाराची वेगळी वैधानिक परिषदही नाही, त्यामुळे पाटीवरचं शिक्षण तुम्हालाच विचारावं लागेल.

झटक्यानंतर चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं किंवा मानेत कधी नव्हती अशी कळ आली, तर मेडिकलमध्ये वेदनाशामक मागू नका. आणि केमिस्टनेही ते देऊ नये. रिक्षा करा, थेट मोठं हॉस्पिटल गाठा आणि मानेला झटका दिला होता हे तिथे आधी सांगा.