बापाची कळकळ

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावी १९३९ साली कार्ल स्टॉट्झ याने मुलांच्या बेसबॉलची ‘लिटल लीग’ काढली. तिथे संघ शिकवणारा गृहस्थ पुष्कळदा संघातल्याच एका मुलाचा बाप असतो. बिनपगारी, म्हणून त्यागी! त्याग मला मान्य आहे. मग २००७ पासून या लीगला मुलांचे चेंडू मोजण्याची पाळी का यावी? अकरा-बारा वर्षांच्या पोराने दिवसाला ८५ पर्यंतच चेंडू फेकावेत. ६६ किंवा अधिक फेकले तर चार दिवस हाताला विसावा द्यावा, असा तिथला कायदा आहे. पोराचा कोवळा हात शिक्षकाच्या मर्जीवर सोडण्याची लीगचीच छाती झाली नाही!

कोणी म्हणेल, बापाइतकी कळकळ परक्याला कुठून असणार? अहो, त्या कळकळीचीच तर धास्ती वाटते. कोपर दुखले तर मूल परक्या शिक्षकाचे गाऱ्हाणे बापाकडे नेईल. बापाचे कोणाकडे न्यावे? आणि तिन्हीसांजेला परसात त्याच्याकडून फेकून घेतलेले चेंडू कोण मोजतो?

बापाने शिकवावे, जरूर शिकवावे. मात्र शेजाऱ्याच्या मुलाचा संघ घ्यावा, आणि आपला मुलगा शेजाऱ्याच्या हवाली करावा.