३७२ टिकमार्क आणि एक टँकर

फिक्स्ड बिड, आरएफपी, चेंज रिक्वेस्ट... हे शब्द ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांनी अमेरिकी हवाई दलाच्या टँकर खरेदीची गोष्ट जरूर ऐकावी. टँकर म्हणजे उडता उडता दुसऱ्या विमानात इंधन भरणारं विमान. अमेरिकेचे केसी-१३५ टँकर १९५७ पासून सेवेत. ते बदलायचे ठरले आणि रामायण सुरू झालं.

पहिला अंक लाजिरवाणा. बोइंगकडून १०० टँकर भाड्याने घ्यायचा बेत होता. हवाई दलातर्फे व्यवहार बघणाऱ्या डार्लिन ड्रूयन त्याच काळात बोइंगशी स्वतःच्या नोकरीचं बोलत होत्या! २००४ मध्ये त्यांना ९ महिन्यांची कैद झाली, बेत बारगळला.

दुसरा अंक २००८ चा. १७९ विमानं, सुमारे ३५ अब्ज डॉलर. फेब्रुवारीत नॉर्थरॉप ग्रमन आणि इएडीएस (म्हणजे आजची एअरबस) ही जोडी जिंकली. बोइंगने जीएओकडे, म्हणजे तिथल्या सरकारी हिशेब तपासनीसांकडे दाद मागितली आणि जूनमध्ये ती मान्यही झाली. एक कारण असं, की ठरलेल्या उद्दिष्टापेक्षा जास्त क्षमतेला जादा गुण नाहीत असं टेंडरातच लिहिलं होतं, तरी हवाई दलाने ते दिले. जीएओचं बरोबरच होतं. पेपर फुटला नाही, पण मार्किंग स्कीम तपासताना बदलली, असा प्रकार.

दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यायलं गेलं. नव्या टेंडरमध्ये ३७२ अनिवार्य अटी, उत्तर फक्त हो किंवा नाही. मग किंमत. किमतीतला फरक १ टक्क्याच्या आत असेल तरच आणखी ९३ ऐच्छिक मुद्दे बघायचे. नॉर्थरॉप २०१० मध्ये बाहेर पडली, इएडीएस एकटी लढली. फेब्रुवारी २०११ मध्ये बोइंग जिंकली. फरक १ टक्क्याहून जास्त होता, त्यामुळे ९३ मुद्द्यांची गरजच पडली नाही. या वेळी कुणी तक्रारही केली नाही. प्रोसेस एकदम सक्सेसफुल!

आणि विमान? पहिलं केसी-४६ हवाई दलाला मिळालं जानेवारी २०१९ मध्ये. जुन्या टँकरमध्ये बूम ऑपरेटर पालथा झोपून खिडकीतून बघत इंधनाची नळी जोडतो, नव्यात कॅमेरे आणि पडदा. पडदा असणं वाईट नाही, एअरबसच्या टँकरमध्येही तोच आहे. पण इथे ऊन-सावलीत चित्र नीट दिसेना आणि नळी समोरच्या विमानाला घासू लागली. २०२० मध्ये अख्खी सिस्टीम नव्याने करायचं ठरलं.

दुसरा किस्सा तर थेट आपल्या क्युबिकलमधला. नळी इतकी ताठ, की ए-१० सारख्या कमी ताकदीच्या विमानाला ती पुढे ढकलून जोडून घेता येईना. पण ती हवाई दलाने मान्य केलेल्या स्पेकप्रमाणेच होती! मग तो बदल हवाई दलाच्या खर्चाने. यालाच आपण चेंज रिक्वेस्ट म्हणतो.

कुणी म्हणेल, फिक्स्ड प्राइसमुळे करदात्यांचे पैसे तर वाचले. बोइंगलाच ७ अब्ज डॉलरहून जास्त फटका बसला. खरंय. पण वाया गेलेली वर्षं कुठल्या खात्यात टाकायची? तोवर जुनीच विमानं उडत राहिली आणि नव्या विमानातला ऑपरेटर डोळे ताणत राहिला. त्याची सही ना टेंडरवर, ना स्पेकवर.

माझं मत सरळ आहे. कोर्टकचेरीत टिकणारा निर्णय आणि चांगला निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम आधी लिहा, ते पाळाही. पण त्या नियमांतच 'वापरणाऱ्याने प्रत्यक्ष वापरून बघितलं का?' ही अट घाला, आणि तीही किंमत गोठवण्याआधी. ३७२ टिकमार्क करून जे हाती येतं ते स्पेकप्रमाणे बरोबर असतं. उपयोगाचं असेलच असं नाही.

सोमवारी रिक्वायरमेंट डॉक्युमेंटवर साइन-ऑफ घेताना एवढं आठवलं तरी पुष्कळ.