तुटलेली लाइन आणि डेटासेट

मंडळी, गेले दोन शनिवार एका जुन्या प्रोग्रामपाशी गेले. व्हीबी सिक्स, एडीओ आणि जिथेतिथे रेकॉर्डसेट! गाव माझं चंद्रपूर, आणि प्रोग्राम शेजारच्या गडचिरोलीतल्या तेंदूपत्त्याच्या हिशोबाचा. तो डॉटनेटच्या डेटासेटवर न्यायचा होता. म्हटलं, त्यात काय एवढं...

रेकॉर्डसेट बहुधा सर्व्हरचं बोट धरून चालतो. (एडीओमध्ये ते सोडवताही यायचं, पण तसा कोड आपण कितीदा लिहिला?) ऑफिसात हे खपतं. भामरागडला मात्र पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटतो, आणि नेटवर्क तुटायला तर पूरही लागत नाही!

२००२ साली डॉटनेटबरोबर आलेला डेटासेट वेगळा. डेटाअ‍ॅडॅप्टर कनेक्शन उघडतो, टेबलं मेमरीत भरतो, कनेक्शन बंद करतो. मग निवांत बदल करा. प्रत्येक ओळीची जुनी आणि नवी किंमत दोन्ही जपलेल्या असतात. लाइन आली की अपडेट.

गंमत म्हणजे फळीवरचा मुन्शी हेच करतो. ७० पानांचा एकेक पुडा मोजायचा, वहीत लिहायचा, हिशोब नंतर जुळवायचा.

पण वह्या दोन असल्या तर? चाचणीत एका बाईच्या नावावर १६० पुडे होते. दोन्ही मशीनांनी तेच उचललं. एकाने ४० वाढवून २०० केले, दुसऱ्याने २० वाढवून १८०. शेवटी सर्व्हरवर राहिले १८०. खरे हवे होते २२०. एरर? एकही नाही!

चूक माझीच. 'कटकट नको' म्हणून विझार्डमधली ऑप्टिमिस्टिक कॉन्करन्सीची खूण मी काढली होती. ती असती तर अपडेटने जुनी किंमत ताडून पाहिली असती आणि दुसऱ्या मशीनवर एक्सेप्शन आलं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: रेकॉर्डसेटच्या जागी डेटासेट लिहिला म्हणजे काम झालं असं नाही. लाइन तोडलीत, तर दोन हिशोब जुळले नाहीत की काय करायचं हेही आधी ठरवा. ते एक्सेप्शन गिळू नका. दोन्ही आकडे पडद्यावर दाखवा. खरं काय ते मुन्शी आणि ती बाई सांगतील. गडचिरोलीत कित्येक ग्रामसभा आता तेंदूपत्ता स्वतःच विकतात. म्हणजे हिशोब गावाचा, आणि ते पुडे म्हणजे कुणाची तरी उन्हातली मजुरी.

असो. खूण मी परत लावली आहे. तुमच्या कोडमध्ये ती आहे का, सोमवारी एकदा बघाच.